मधले नाव

तृतीय वर्ष कला (मराठी)

“यापुढील स्पर्धक कुमारी...” निवेदकाने माझे नाव घेतले आणि तो थबकला. हातातला कागद त्याने डोळ्यांजवळ नेला, पुन्हा लांब धरला आणि शेवटी धीर करून म्हणाला, “नल.” त्यानंतर माझे आडनाव.

सभागृहात खसखस पिकली. व्यासपीठाच्या चार पायऱ्या चढताना आपले पाय दुसऱ्याच कुणाचे तरी आहेत असे मला वाटत होते. सात मिनिटांचे भाषण मी पाच मिनिटांत संपवले. मधला एक परिच्छेद कुठे सांडला, ते मला आजही सांगता येणार नाही. संध्याकाळी सहभागाचे प्रमाणपत्र हाती आले. त्यावरही तेच. माझे नाव, मग रोमन लिपीतली चार बारकी अक्षरे, मग आडनाव. एन, यू, एल, एल.

परतीच्या एसटीत मैत्रिणींनी माझे नवे बारसे केले. मी ‘दमयंती’ झाले. थट्टेत दुष्टावा नव्हता, हे मला कळत होते. मराठीच्या विद्यार्थिनींना महाभारतातले नलोपाख्यान कुणी सांगावे लागत नाही. पण हसताना कुणाच्या ध्यानात आले नसावे की, नल हा झोपलेल्या दमयंतीला भर अरण्यात टाकून निघून गेलेला राजा. कथेतला नल पुढे परत येतो. आमच्या घरातला आला नाही.

मी सहा वर्षांची असताना वडील घर सोडून गेले. ते कुठे राहतात हे आम्हाला ठाऊक आहे, तेव्हा त्यात गूढ असे काही नाही. आईने डबे करायला सुरुवात केली आणि त्या डब्यांवर मी आणि माझा धाकटा भाऊ वाढलो. शाळेच्या दाखल्यापासून परीक्षेच्या प्रवेशपत्रापर्यंत प्रत्येक कागदावर माझे नाव आणि आडनाव यांच्या मधे त्यांचे नाव आहे. या स्पर्धेचा अर्ज मात्र ऑनलाइन भरायचा होता आणि त्यातल्या ‘मधले नाव’ या चौकटीपुढे सक्तीची लाल चांदणी नव्हती. कुणीतरी विचारते आहे आणि उत्तराची सक्ती करीत नाही, असे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होते. मी बराच वेळ त्या चौकटीकडे पाहिले आणि ती रिकामी सोडून खाली गेले. खाली ‘आईचे नाव’ अशीही एक चौकट होती. तिला चांदणी होती. ती मी भरली.

म्हणजे मी गप्प राहिले होते, आणि यंत्र माझ्या वतीने बोलले होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला मावशीकडे गेले तेव्हा ते प्रमाणपत्र बरोबर नेले. माझा मावसभाऊ तिथे एका कंपनीत प्रोग्रॅम लिहितो. मी त्याला दादा म्हणते. कागद पाहून तो मोठ्याने हसला. मग माझ्याकडे पाहून त्याने हसू आवरले.

“ही चूक मीही केलेली आहे,” तो म्हणाला. “फक्त ती कुणाच्या नावात जाऊन बसली, ते मला कधी कळलं नाही.”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जेवणे झाल्यावर त्याने लॅपटॉप उघडला आणि माझ्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थिनीला समजेल अशा रीतीने सांगायला सुरुवात केली. त्या दुपारी मी जे शिकले, ते मला येथे लिहावेसे वाटते. विषय संगणकाचा आहे. पण तो आपल्या प्रांतापासून वाटतो तितका दूर नाही, असे माझे मत झाले आहे.

प्रोग्रॅमच्या पोटात विद्यार्थी म्हणजे एक ‘ऑब्जेक्ट’. त्याचा साचा आधी लिहून ठेवतात. नाव, मधले नाव, आडनाव, जन्मतारीख, मोबाइल, आई, असे त्याचे कप्पे असतात. हा ऑब्जेक्ट यंत्राच्या स्मरणात राहतो. तो तसाच्या तसा उचलून दुसऱ्या यंत्राकडे पाठवता येत नाही. पाठवायचा तर त्याचा मजकूर करावा लागतो, म्हणजे कप्पे सोडवून एकापुढे एक ओळीने मांडावे लागतात. या मांडणीला ‘सिरियलायझेशन’ म्हणतात आणि ती मांडण्याची आज सर्वत्र चालणारी लिपी म्हणजे ‘जेसन’. डग्लस क्रॉकफर्ड नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने २००१च्या सुमारास ती प्रचारात आणली. आपण ती निर्माण केली नाही, ती आपल्याला सापडली, असे ते म्हणत आले आहेत. महिरपी कंसात कप्प्याचे नाव, मग दोन टिंबे, मग त्यातला ऐवज, एवढेच तिचे व्याकरण. ऐवजाचे प्रकार अवघे सहा: अक्षरांची माळ, आकडा, खरे-खोटे, यादी, कंसातला दुसरा ऑब्जेक्ट, आणि सहावा ‘नल’.

“म्हणजे काहीच नाही?” मी विचारले.

“काहीच नाही असं नाही. ‘इथे काही नाही’ असं सांगणारी खूण. रिकाम्या खुर्चीवर ठेवलेली पाटी.”

ही पाटी प्रोग्रॅमिंगमध्ये आणणारे टोनी होअर यांनी ती १९६५ साली अल्गॉल डब्ल्यू या भाषेसाठी योजली आणि २००९ साली एका व्याख्यानात तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले, असेही दादाने सांगितले. सोपी वाटली म्हणून ती घातली, अशी त्यांची कबुली आहे. हे ऐकून मला विनाकारण बरे वाटले. माझे पाच मिनिटांचे भाषण त्या अब्जात कुठेतरी जमा असणार.

मग दादाने जावा या भाषेत विद्यार्थ्याचा एक छोटा साचा लिहिला, त्यात माझी माहिती भरली आणि मधले नाव मोकळे ठेवले. जावातले ऑब्जेक्ट जेसनमध्ये मांडून देणारी ‘जॅक्सन’ नावाची एक तयार लायब्ररी आहे. प्रोग्रॅमर मंडळी अशा संचाला लायब्ररीच म्हणतात. तिला त्याने कामाला लावले. पडद्यावर माझी नोंद उमटली आणि तिच्यात मधल्या नावापुढे नल होता. पलीकडे यादी दाखवणारे एक पानही त्याने केले होते. त्या पानाने नाव, मधले नाव आणि आडनाव यांची आंधळेपणाने जोडणी केली आणि पाटीवरचा शब्दच खुर्चीत बसवला. सभागृहातला तो क्षण माझ्यासमोर पुन्हा उभा राहिला. फरक इतकाच की, या वेळी त्याच्या मागची बाजू दिसत होती.

“आता उपाय बघ,” म्हणून दादाने मधल्या नावाच्या कप्प्याच्या डोक्यावर एक ओळ लिहिली. आधी ‘ॲट’चे चिन्ह, मग ‘जेसन-इन्क्लूड’, आणि कंसात ‘नॉन-नल’. जे नल नसेल तेवढेच बाहेर पाठवावे, असा तिचा अर्थ. साच्यातले दुसरे अक्षरही त्याने बदलले नाही. प्रोग्रॅम पुन्हा चालवला. जेसनमधून मधले नाव कप्प्यासकट नाहीसे झाले. मी सुटकेचा श्वास टाकला आणि यादीचे पान पाहिले. तिथे माझे नाव होते, मग ‘अनडिफाइन्ड’, मग आडनाव.

दादाने कपाळावर हात मारला. नल आला तर ‘नल’ लिहिणारे ते पान, कप्पाच आला नाही तर ‘अव्याख्यात’ लिहीत होते. मला मात्र खरोखर हसू आले. आधी मी रिकामी होते, आता माझी व्याख्याच होईना. आपण मौन पाळले तरी ऐकणारा त्या मौनाचा काय अर्थ लावील, हे त्याच्यावर अवलंबून असते. पाठवणाऱ्याने एका बाजूने कितीही शहाणपणा केला, तरी घेणाऱ्याशी आधी बोलणे झालेले असावे लागते.

त्या एका ओळीबद्दलचे माझे कुतूहल जागे झाले, ते इथेच. या ओळीला ‘ॲनोटेशन’ म्हणतात. २००४ साली जावाची पाचवी आवृत्ती आली, तिच्यापासून ही सोय भाषेतच आहे. ॲनोटेशन म्हणजे टीप. आपल्या अभ्यासात टीपांना काय तोटा? आपल्या ग्रंथालयातले एकही जुने पुस्तक असे नसेल, ज्याच्या समासात कुण्या विद्यार्थ्याने ‘महत्त्वाचे’ असे लिहिलेले नाही. पण त्या टीपेने पुस्तकातला मजकूर हलत नाही. ही टीप वेगळी होती. मी विचार करू लागले आणि गेल्या वर्षी वार्षिकांकाची मुद्रिते तपासली होती ते आठवले. मुद्रितशोधक समासात खुणा करतो: हे गाळा, येथे जागा सोडा, ही ओळ वर घ्या. वाचकाला त्या खुणा कधीच दिसत नाहीत. पण त्याला जे दिसते, ते त्या खुणांनी ठरलेले असते. ॲनोटेशन ही वाचकासाठी लिहिलेली टीप नव्हे. ती छापणाऱ्यासाठी केलेली खूण आहे. मूळ हस्तलिखित जसेच्या तसे राहते, फक्त छापून काय बाहेर पडायचे ते बदलते.

दादाला ही उपमा पसंत पडली. “आणि खूण स्वतः काहीच करत नाही,” त्याने भर घातली. “ती वाचणारा असेल तरच तिला अर्थ.” जॅक्सन ही लायब्ररी प्रोग्रॅम चालू असताना साच्याकडे वळून पाहते, त्याच्यावरच्या टीपा वाचते आणि त्याप्रमाणे मांडणी करते. गूगलची ‘जीसन’ नावाची दुसरी लायब्ररी आहे. ती जॅक्सनच्या टीपांकडे ढुंकूनही पाहत नाही. उलट नल असलेले कप्पे ती कुणी न सांगताच गाळते. मुद्रक बदलला की खुणाही बदलतात, सवयीही बदलतात.

यानंतर आम्ही साच्यावर एकेक टीप लिहीत गेलो. ‘जेसन-प्रॉपर्टी’ लिहून कंसात दुसरे नाव दिले की, कप्पा त्या नावाने बाहेर पडतो. दादाच्या साच्यातली कप्प्यांची नावे इंग्रजी होती. टीपा लिहिल्यावर ती जेसनमध्ये ‘नाव’, ‘आडनाव’, ‘जन्मतारीख’ अशी मराठीत आली. जेसनला देवनागरीचे वावडे नाही, हे पाहून मला उगाचच अभिमान वाटला.

जन्मतारखेने मात्र गंमत केली. ती प्रथम तेरा आकड्यांची एक संख्या होऊन बाहेर आली. दादा वापरतो त्या आवृत्तीची ती सवय आहे: १ जानेवारी १९७०पासून त्या क्षणापर्यंत किती मिलिसेकंद झाले, एवढेच ती सांगते. मग ‘जेसन-फॉर्मॅट’ची टीप लिहून दिवस, महिना, वर्ष असा क्रम दिला, तर मी एक दिवस आधी जन्मले! कारण कालविभाग सांगितला नाही तर ती ग्रिनिचच्या बाजूचे घड्याळ धरते, आणि आपल्याकडे मध्यरात्रीचे बारा वाजतात तेव्हा तिकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहाच झालेले असतात. टीपेत कोलकात्याचा कालविभाग लिहिला, तेव्हा कुठे माझा जन्म योग्य दिवशी झाला.

मोबाइलचा कप्पा आला. तो आईचा नंबर होता आणि तोही बिनदिक्कत बाहेर पडत होता. मी दचकले.

“हा कुणी पाठवायला सांगितला?”

“कुणीच नाही. न पाठवायला कुणी सांगितलं नाही, म्हणून गेला.”

हे उत्तर मी वहीत लिहून ठेवले आहे. जॅक्सनची रीत अशी की, साच्याने ज्या कप्प्याला बाहेरून वाचण्याची वाट ठेवली आहे, तो कप्पा आपोआप जेसनमध्ये जातो. अडवायचा असेल तर ‘जेसन-इग्नोर’ अशी टीप लिहावी लागते. आणि यातही बारकावा आहे. ‘इग्नोर’ लिहिले की, तो कप्पा जात नाही आणि येणाऱ्या अर्जातून भरलाही जात नाही. नंबर अर्जातून घ्यायचा आहे, पण यादीत दाखवायचा नाही, तर ‘जेसन-प्रॉपर्टी’मध्येच ‘राइट-ओन्ली’ असे सांगावे लागते. परवलीचा शब्द असाच हाताळतात. कानाने ऐकावे, तोंडाने सांगू नये. आपल्या वाड्यातल्या, चाळीतल्या कितीतरी शहाण्या बायका ही टीप कुणी न लिहिता आयुष्यभर पाळत आल्या आहेत.

सर्वांत शेवटी आईचा कप्पा राहिला होता. दादाने ‘आई’ असा दुसरा साचा लिहिला. तिला नाव दिले आणि ‘मुले’ अशी यादी दिली. माझ्या आईच्या कप्प्यात तिला ठेवले, तिच्या मुलांच्या यादीत मला ठेवले आणि प्रोग्रॅम चालवला. जेसन आलेच नाही. चुकीचा एक लांबलचक संदेश पडद्यावरून वाहू लागला. दादा तो पुसून टाकणार, तेवढ्यात मी त्याचा हात धरला. त्या संदेशात यंत्र कुठल्या वाटेने गेले ते लिहिले होते: विद्यार्थी, त्याची आई, तिची मुले, त्यांतली पहिली, तो विद्यार्थी, त्याची आई, तिची मुले, पुन्हा पहिली... मला सांगायचे तर आईला सांगावे लागते, आईला सांगायचे तर मला. यंत्राला या वाटेचा शेवट सापडला नव्हता.

“असं होतंच,” दादा म्हणाला. “दोघं एकमेकांना धरून असले की कुठेतरी एकाला गप्प करावं लागतं. रूढ रीत अशी की, आईच्या मुलांवर ‘मॅनेज्ड-रेफरन्स’ लिहायचं आणि मुलाच्या आईवर ‘बॅक-रेफरन्स’. म्हणजे आईची नोंद निघाली की मुलं येतात, मुलाची नोंद निघाली की आई येत नाही.”

“म्हणजे मुलीनं आईचं नावच घ्यायचं नाही?”

तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “दुसरीही टीप आहे.” माझ्या साच्यातल्या आईच्या कप्प्यावर त्याने ‘जेसन-इग्नोर-प्रॉपर्टीज’ लिहिले आणि कंसात ‘मुले’. अर्थ असा: येथे आई येऊ द्यावी, मात्र तिची मुलांची यादी येथे उलगडू नये. या वेळी नोंद निमूटपणे बाहेर पडली. माझे नाव, आडनाव, योग्य दिवशीचा जन्म, आणि कंसात आई, तिच्या नावानिशी.

मी त्या ओळीकडे पाहत राहिले. स्पर्धेच्या अर्जातही आईचे नाव होते. ते सक्तीने विचारले होते, मी ते भरले होते, ते नोंदीत होते. तरी ना ते निवेदकाच्या कागदावर आले, ना प्रमाणपत्रावर. ज्याने काही भरले नव्हते त्या कप्प्यातली पाटी वाचली गेली आणि भरलेला कप्पा आतच राहिला. यात कुणाचा दुष्ट हेतू होता असे मी म्हणत नाही. कुणीतरी एका ठिकाणी टीप लिहिली नाही, आणि दुसरीकडे आईचे नाव छापायचे असते हे कुणाच्या मनातच आले नाही. पण न दिसणारी गोष्ट नसतेच असे नाही, हे मला त्या दुपारी पक्के कळले. आपल्यापुढे येणारी प्रत्येक यादी, प्रत्येक प्रमाणपत्र, किंबहुना प्रत्येक इतिहास कुणीतरी केलेल्या खुणांमधून गाळून आलेला असतो. आणि जिथे कुणी खूण केलेली नसते, तिथेही ठरवणारा कुणीतरी असतोच. तो फक्त आपण ठरवले असे म्हणत नाही.

नावाचा प्रश्नही शेवटी सुटला. सुटे कप्पे बाहेर पाठवायचेच नाहीत असे ठरले. दादाने ‘पूर्ण नाव’ तयार करणारी चार ओळींची एक रीत साच्यातच लिहिली. जो भाग भरलेला आहे तेवढाच जोडावा, नसेल तर मधे एकच मोकळी जागा सोडावी. तिच्यावर ‘जेसन-प्रॉपर्टी’ आणि सुट्या कप्प्यांवर ‘इग्नोर’. आता मौन हे मौनच राहिले.

निघताना मी दादाला आणखी एक शंका विचारली. एवढ्या टीपा लिहिल्या, त्यांतली एकही जेसनमध्ये दिसत नाही. तिथे समासच नसतो का? नसतो, तो म्हणाला. जेसनमध्ये टीप लिहिण्याची सोय पूर्वी होती. पण लोक तिच्यात यंत्रासाठी गुप्त सूचना लिहू लागले, ते पाहून क्रॉकफर्ड यांनी ती काढून टाकली. जेसन वाचणाऱ्याला म्हणूनच कधी कळत नाही की, येथे काय गाळले आहे. त्यासाठी मूळ साचा उघडून पाहावा लागतो. आणि एक सावधगिरीही त्याने सांगितली: “ही टीप म्हणजे एका खिडकीचा पडदा. नंबर साच्यात आहेच. कुणी दुसऱ्या वाटेनं ऑब्जेक्ट वाचला तर तो दिसणारच. जे मुळात लागत नाही, ते विचारूच नये, हा खरा उपाय.”

घरी आल्यावर मी हे सारे आईला सांगितले. ती पोळ्या लाटत होती. आमच्याकडून रोज बावीस डबे जातात आणि प्रत्येकाच्या झाकणावर चिठ्ठी असते: तिखट कमी, भात नको, गुरुवार उपास. तिला ॲनोटेशन समजायला मला लागला त्याच्या निम्माही वेळ लागला नाही.

“म्हणजे चिठ्ठी,” ती म्हणाली. “पातेलं एकच. चिठ्ठी बघून डबा भरायचा. आणि चिठ्ठी नसली की सगळ्यांचं सारखंच जातं.”

“हो. अगदी तसंच.”

काही वेळ लाटण्याचाच आवाज येत राहिला. मग ती मान वर न करता म्हणाली, “ती जागा तू रिकामी सोडलीस, ते मला बोलली नाहीस.”

मी गप्प बसले. तिचे नाव तिथे लिहावे, असे त्या दिवशी माझ्या मनात आले होते. चौकटीत ‘वडिलांचे नाव’ असे शब्दही नव्हते; नुसते ‘मधले नाव’ होते. तरी हात धजला नाही. कोण हसेल, कोण विचारील, याचा विचार आड आला. मी ते तिला सांगितले.

“रिकामं भांडं कुणाला परत देत नाहीत,” आई म्हणाली. “चिमूटभर साखर तरी घालतात. रिकामं दिलंस म्हणून त्यांनी त्यात काहीतरी घातलं.” आणि तिने पुढची पोळी तव्यावर टाकली.

महाराष्ट्र सरकारने २०२४ साली असे ठरवले की, त्या वर्षीच्या १ मेपासून जन्मणाऱ्या मुलांची सरकारी कागदपत्रांतली नावे स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहावीत. मी त्या नियमात बसत नाही. माझा जन्म त्याच्या पुष्कळ आधीचा. माझ्या दाखल्यावरचे, प्रवेशपत्रावरचे नाव जसे आहे तसे राहील आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तो माझा मूळ साचा आहे. मूळ साच्याशी खोटे बोलता येत नाही, आणि बोलूही नये. पण त्यातले कुठे काय बाहेर जावे, यावर एखादी टीप लिहिण्याचा अधिकार कधीतरी माझ्याकडेही येतो, हे मला आता ठाऊक झाले आहे.

तो या वर्षी आला. वार्षिकांकाच्या विद्यार्थी संपादक मंडळात माझ्याकडे लेखकांची सूची आली. आपण सर्वांनी साहित्याबरोबर जो अर्ज भरून दिला, त्यात नाव, वर्ग, पत्ता, मोबाइल असे बरेच काही होते. दादाला फोनवर विचारून विचारून मी त्या नोंदींचा एक साचा केला आणि प्रत्येक कप्प्यापुढे थांबून स्वतःला प्रश्न केला: हे बाहेर का जावे? पत्त्याला आणि मोबाइलला उत्तर मिळाले नाही. त्यांच्या डोक्यावर टीपा बसल्या. पुढच्या वर्षीच्या अर्जात पत्ता विचारूच नये, असे मी सरांना सुचवले आहे. मधल्या नावाची चौकट ज्यांनी रिकामी ठेवली होती असे माझ्याशिवाय आणखी तिघे निघाले. ते कोण, हे मी येथे लिहिणार नाही. त्यांची नावे सूचीत जशी त्यांनी दिली तशीच आहेत, मधे एक मोकळी जागा सोडून. कुणीही तिथे पाटी ठेवलेली नाही.

माझा अर्ज मात्र मी संपादक मंडळाकडून परत मागून घेतला आणि ती चौकट भरली.

गेल्या आठवड्यात सूचीचे मुद्रित आले. तपासणाऱ्या मैत्रिणीने माझ्या मधल्या नावाभोवती पेन्सिलीने वर्तुळ केले होते आणि समासात लिहिले होते, ‘हे आईचे नाव वाटते. चूक?’ तिचे बरोबरच होते. शंका आली की विचारायचे असते. मी पेन घेतले, प्रश्नचिन्हावर काट मारली आणि शेजारी लिहिले:

‘आहे तसेच ठेवावे.’